परक्या कॅसेटचा जामीन

पन्नाशी गाठली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे तिचं काम. काम करताना एकच धून गुणगुणायची. कुठलं गाणं म्हणून विचारलं तर म्हणायची, गाणं नाही हो, गेम आहे आमचा!

तो नाद दादाचा. वडील जहाजावर इंजिनखान्यात. टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन त्यांनी इथल्याच बाजारातून घेतलं आणि कॅसेटी आणल्या सातासमुद्रापलीकडून. झालं! एका मुलखाच्या मशीनला दुसऱ्या मुलखाची कॅसेट चालू नये म्हणून कंपनीने आत कुलूपच घातलेलं. दोघं भावंडं रडकुंडीला आली. शेवटी वडिलांनी कुठूनसा एक जोड, म्हणजे अडॅप्टर, पैदा केला. त्याच्या मागच्या खाचेत इथली कॅसेट बसवायची, वरच्या खाचेत परकी. इथलीला ओळखून मशीन दार उघडायचं आणि परकी हळूच आत शिरायची. अनोळखी माणसाला जामीन लागतोच, वडील म्हणायचे. जामीन म्हणून फुटबॉलची एक रद्दड कॅसेट कायमची अडकवून ठेवली. तो फुटबॉल बिचारा कधी कुणी खेळलंच नाही.

परक्या गेममध्ये एक टपालवाला छपरांवरून उड्या मारत पळायचा. पडद्यावरची अक्षरं कुणाच्या बापाला वाचता येत नव्हती, पण वरून तिसरी ओळ म्हणजे ‘पुन्हा खेळा’, हे पाठ. दादाचा टपालवाला पडला की धाकटीची पाळी. आणि दादाचा टपालवाला मेला पडतच नसे! अख्ख्या गल्लीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. धाकटी तासन्‌तास नुसती बघत बसायची, आणि खरं सांगायचं तर तेच तिला आवडायचं.

पुढे दादा छापखान्यात लागला, मशीन धाकटीकडे माळ्यावर गेलं. वर्षं कशी गेली कळलंही नाही. मग एक दिवस दादाला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात मंदावला. त्याच्या घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून धाकटीने त्याला आपल्याकडे आणलं. हात हलता ठेवा, नाहीतर कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण दादा रबरी चेंडू दाबायचं नावही काढेना. चहाचा कपसुद्धा डाव्या हाताने धरायचा.

धाकटी हट्टाला पेटली. माळ्यावरचं मशीन इतक्या वर्षांनी चालेल याचा भरवसा नव्हता, म्हणून तिने त्या परमुलखातूनच एक जुनं मशीन मागवलं. कॅसेट तिकडची, मशीनही तिकडचं. आता जामिनाची गरजच काय? धून वाजली तसा दादा सावरून बसला. पण टपालवाला पिसाळलेलं कुत्रं मागे लागल्यासारखा पळत सुटला. दादाचा अंगठा दर वेळी उशिरा पडे. पहिल्याच दोन छपरांमध्ये टपालवाला पुन्हा पुन्हा कोसळला. शेवटी दादाने रिमोट खाली ठेवला.

“हात मेला गं माझा,” तो म्हणाला.

त्याच दिवशी त्याने चेंडू कपाटात टाकला. आपणच हे करून बसलो, म्हणून धाकटी स्वयंपाकघरात जाऊन रडली.

दुसऱ्या आठवड्यात ती काचा घासत होती, गुणगुणत होती, आणि मध्येच थांबली. आपली धून संथ आहे! बाहेरून मागवलेल्या मशीनवर तीच धून धावत होती. कामावरून ती तडक टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे गेली. तो म्हणाला, त्यात काय, इकडचं मशीन सेकंदाला पन्नास चित्रं दाखवतं, तिकडचं साठ. तिकडचा गेम इकडे लावला की तो रेंगाळणारच.

धाकटी घरी येऊन माळ्यावर चढली. मशीन, जोड, फुटबॉल, सगळं खाली काढलं, धूळ झटकली. पडद्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या, पूर्वीसारख्याच. तिने रिमोट दादाच्या मांडीवर ठेवला. कंटाळत त्याने बटण दाबलं. पहिलं छप्पर गेलं, दुसरं गेलं, पाचवं गेलं. दादाने ओठ दाबून धरले होते. मग एकदम त्याने खेळ थांबवला. तो काही दूधखुळा नव्हता.

“माझ्यासाठी हळू केलंस ना हे?”

“नाही रे दादा. आपलं पहिल्यापासून एवढंच हळू होतं. आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.”

दादा इतका हसला, इतका हसला, की त्याला ठसका लागला. म्हणजे गल्लीचा चँपियन असा झालो होय मी, म्हणाला. त्याने पुन्हा खेळ सुरू केला आणि नवव्या छपरावरून पडला, तेव्हा रिमोट तिच्यापुढे धरला. “घे. तुझी पाळी.”

धाकटीचे डोळे भरून आले होते. पडदा दिसतोय कुठे? तिचा टपालवाला पहिल्याच छपरावरून धाडकन खाली आला.

“अजून तश्शीच आहेस,” दादा म्हणाला, आणि रिमोट परत घ्यायला त्याने उजवा हात पुढे केला.