दुसरं पिल्लू

"अबे हवालदार, चढ! चढ ना बे, काय पाहून राहिला!"

लान्स नाईक देवाजी ओरडत होता. तो त्याच्या मोहावर चढून बसला होता. मी शेजारच्या मोहाखाली, हातात टोपली. वेळ सकाळी पाच चाळीस. तीस पावलांवर एक अस्वलीण खाली पडलेली मोहफुलं खात होती, पाठीवर दोन पिल्लं. तिच्यामागच्या गवतात पट्टे हलत होते. मी चढलो. आमच्या बटालियनमध्ये माझ्याइतक्या वेगानं दोर चढणारा दुसरा नव्हता, हे मी स्वतःच सगळ्या बटालियनला सांगितलेलं आहे.

साल अठ्ठ्याहत्तर, एप्रिल. आम्ही दोघं सानगडीचे, एका वर्गातले, एकाच प्लाटूनमधले. सुटीला सोबत आलो होतो. देवाजीची माय, जनाकाकी, पहिली टोपली घेऊन नुकतीच घरी गेली होती.

ज्यांनी जंगल पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाघाचं काम ॲम्बुशचं. मागून यायचं, मानगूट धरायची, दोन मिनिटांत संपवायचं. अस्वलाला दूरचं दिसत नाही आणि वाघापुढं पळून ते सुटणार नाही. म्हणून ते पळतच नाही, अंगावर येतं. वाघानं झेप घेतली ती नेमकी मानेवर. तोंडात आले वीतभर केस. पिल्लं उडाली. अस्वलीण मागच्या पायांवर उभी झाली आणि तिनं त्याला कवेत घेतलं. नखं संगिनीएवढी. बरं, अर्ध्या संगिनीएवढी. तिनं वाघाचं नाकाड जबड्यात धरलं ते सोडेचना. तो मागच्या पायांनी तिचं पोट फाडू पाहत होता. मोह वेचायला आम्ही झाडाखालचा पाला जाळून ठेवला होता, त्या राखेत दोघं लोळत होते. आवाज असा, की चार कोसांवरच्या साकोलीचे बैल दावी तोडून पळाले.

पाच चव्वेचाळीसला वाघानं तोंड सोडवून घेतलं. एक डोळा बंद झालेला. ती पुन्हा उभी होऊन त्याच्याकडे धावली, तसा तो वळला आणि नाल्यात उतरला. माघार मी पुष्कळ पाहिली, इतकी मुकाट नाही.

देवाजीनं हात तोंडाशी धरला. वायरलेस सेटवर बोलल्यासारखं बोलायचं, ही आमची जुनी गंमत.

"अल्फा, रिपोर्ट. ओव्हर."

"वाघ पळाला. अस्वलीण जाऊन राहिली. ओव्हर."

"पिल्लं? ओव्हर."

"पाठीवर. ओव्हर."

"दोन्ही?"

मला एकच दिसलं होतं. मध्ये बोरीची जाळी होती.

"दोन्ही. ऑल क्लिअर. आऊट."

गावात देवाजी माझ्या दहा गोष्टींतली एकही खरी मानत नसे. पण रिपोर्टची गोष्ट वेगळी. फौजेत आठ वर्षांत त्यानं माझा रिपोर्ट कधी दुसऱ्यांदा विचारला नव्हता. तो उतरला.

दुसरं पिल्लू त्याच्याच झाडाखालच्या जाळीत होतं. ते किंचाळलं. अस्वलीण परत आली. वाघाला केलं तेच तिनं केलं. उभी राहिली, कवेत घेतलं, तोंड धरलं. मी उडी टाकली, ओरडलो, झाडाखाली ठेवलेल्या कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं. पिल्लू तिच्या पाठीवर चढलं, मग ती गेली. पाच एकावन्न. साकोलीच्या वाटेवर, बैलगाडीत, सात वीसला देवाजी गेला. त्यानं एकदा पाणी मागितलं होतं.

बटालियनमध्ये माझ्या बाजूची खाट महिनाभर रिकामी होती. मग तिथं एक रिक्रूट आला. चांगला पोरगा होता, मी त्याच्याशी फार बोललो नाही.

गोष्ट मात्र सांगत राहिलो. बटालियनच्या लंगरमध्ये जेवताना वाघ दहा फुटांचा होता, शहापूरच्या हॉटेलात अकरा. पेन्शनीवर आल्यावर चिखल्याला खाणीच्या गेटवर ड्यूटी धरली, तिथं तो तेरावर गेला. लोक हसायचे, चहा पाजायचे आणि शिफ्टला निघून जायचे. मग गेटवर मी एकटा. त्या गोष्टीत पिल्लू मी एकच ठेवलं होतं.

आठ वर्षं जनाकाकीच्या दारात गेलो नाही. शहाऐंशीच्या एप्रिलमध्ये गेलो. ती अंगणात वाळलेला मोह निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं. वेळेसकट, एक फूटही न वाढवता. जाळी होती, दुसरं पिल्लू मी पाहिलंच नव्हतं, तरी 'दोन्ही' म्हणालो, आणि त्यावर देवाजी उतरला.

तिनं दोन-चार काड्या वेचून बाजूला टाकल्या.

"तुह्या बोलन्यावर तो कायले उतरते, बापू," ती म्हणाली. "तुही कोनती गोष्ट त्यानं खरी मानली होती?"