काशीनाथअण्णांची तोंडी परीक्षा

बिदरला मैलूरमध्ये काशीनाथअण्णांना लोक जरा आखडू समजायचे. कारण एकच. कोणी काही विचारलं आणि ते अण्णांना माहीत नसलं, तर ते सरळ तसं सांगायचे. विचारणारा कन्नड असला तर 'गोत्तिल्ला', दखनी बोलणारा असला तर 'मालूम नै' आणि आमच्यातला असला तर 'ठाव न्हाई'. बस्स, पुढं एक शब्द नाही. आता आमच्या भागात ही काय रीत झाली? हुलसूरच्या स्टँडवर उभं राहून भालकीची गाडी गेली का विचारा, पाच माणसं पाच उत्तरं देतील आणि पाचही छातीठोक. त्यात खोटेपणा नसतो. दारी आलेल्याला रिकाम्या हाती पाठवू नये, तसं विचारणाऱ्याला उत्तराशिवाय पाठवू नये, एवढंच. मीही त्याच पाण्यावर वाढलेली. त्यापायीच मी विमानाच्या परीक्षेत नापास झाले.

मी अंबिका, हुलसूरची. अप्पांचं तिथं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. पगारी वैमानिक व्हायचं तर त्याचा वेगळा परवाना लागतो. त्यासाठी लेखी पेपर सुटावे लागतात, ठरलेले तास विमान उडवावं लागतं आणि शेवटी परीक्षक समोर बसवून तोंडी परीक्षा घेतात. त्यात पास झालात तरच ते तुमच्याबरोबर विमानात बसतात. माझं तोंडीपर्यंतचं सगळं झालं होतं. साहेबांच्या पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं नीट दिली. पाचवा येत नव्हता. मग मी थांबले का? छे. दोन मिनिटं घडाघडा बोलले, तेही फर्ड्या इंग्रजीत. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि वही मिटली.

"येत नाही म्हणाली असतीस तर पुस्तक उघडून बघू दिलं असतं," ते म्हणाले. "विमानात बसल्यावरही असंच ठोकून देणार का?"

आता माझी अडचण अशी होती की लेखी पेपरांचे निकाल ठरावीक काळापुरतेच चालतात. माझी मुदत पुढच्या महिन्याच्या अखेरीला संपत होती. तोवर पास झाले नाही तर सगळे पेपर पुन्हा पहिल्यापासून द्यायचे. तेवढी ताकद माझ्यात उरली नव्हती. हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं, पण अप्पांनी तोंड बघून ओळखलं असावं. दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले, "मैलूरला काशीनाथअण्णाकडं जा. त्येनं विमानाचं काम केल्यालं माणूस हाय."

अण्णांना मी लहानपणापासून ओळखत होते, पण मोटारवाले म्हणून. आमच्या दुकानात आलेल्या जळक्या मोटारी आतली तार पुन्हा भरायला त्यांच्याकडं जायच्या. त्याआधी ते हैदराबादला एका विमानदुरुस्तीच्या कारखान्यात मेकॅनिक होते, हे मला तेव्हाच कळलं. विमान त्यांनी कधी उडवलेलं नव्हतं. हा माणूस मला काय शिकवणार, असं मनात घेऊनच मी गेले. अण्णा तांब्याच्या तारेचं वेटोळं मांडीवर घेऊन बसले होते.

"पायलट व्हायलीस म्हनं?"

"व्हय, अण्णा."

"मग सांग. इंजिनात पेट्रोल आनि हवा जितं मिसळतेत, तितं बरफ कामून धरतो?"

हे मला पाठ होतं. मी सुरू झाले. अण्णांनी तार गुंडाळत सगळं ऐकलं आणि म्हणाले, "हे पुस्तक बोलायलंय. तू कवा बोलनार?" मग आत वळून हाक मारली, "शांता, भाईर ये. हिचं ऐक जरा."

अण्णांच्या बायको शांताअक्का पाखडायला घेतलेल्या तुरीचं सूप घेऊनच बाहेर आल्या. त्यांचं माहेर कलबुर्गीकडचं, बोलणं अर्धं कन्नड. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अण्णा म्हणाले, "अक्काला सांग. तिला कळालं म्हंजे तुला येतंय." मी सांगायला लागले तर अक्कांनी पहिल्याच वाक्याला अडवलं. बाहेर एवढं ऊन असताना बर्फ कसा होईल? परीक्षकांनीसुद्धा मला इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता. मी इकडंतिकडं बघायला लागले. शेवटी कोपऱ्यातल्या माठाकडं बोट दाखवून म्हणाले, अक्का, भर उन्हात ह्यातलं पाणी गार कसं होतं? पाझरलेलं पाणी उडून जाताना गारवा करतं. तिथं पेट्रोल उडून जातं, आणि हवेत ओल असली की त्या ओलीचा बर्फ होऊन हवेची वाट अडते. अक्का तूर पाखडत म्हणाल्या, "हां, मग असं बोल की आधीच." त्या दिवसापासून मी रोज जायला लागले.

अण्णांची शिकवायची तऱ्हा न्यारी होती. दुकानामागच्या अंगणात शहाबादी फरशी होती. तिच्यावर त्यांनी खडूनं विमान काढलं, पंख, शेपूट, पंखा, सगळं खऱ्याएवढं. पंखाचं टोक न्हाणीघराच्या दारात जायचं, त्यामुळं पाण्याची बादली घेऊन जाताना अक्का पंख ओलांडून जायच्या. उडायच्या आधी विमानाला फेरी घालून एकेक भाग तपासतात, तशी मी त्या खडूच्या विमानाला फेऱ्या घालायची. शेजारच्या बायका कट्ट्यावरून बघत बसायच्या. पोरीला कुणाची तरी दृष्ट लागली असावी, अशी त्यांची समजूत झाली होती. अण्णांचा नियम होता, "बोट लावल्याबिगर बोलायचं न्हाई." ज्या भागाबद्दल सांगायचं, त्याच्यावर बोट ठेवूनच सांगायचं. खाली वाकून वाकून माझी कंबर मोडली, पण कुठला भाग काय करतो हे बोटांना पाठ झालं.

रोज वीस प्रश्न. त्यातला एक मुद्दाम दुसऱ्याच विमानाचा, मला येणं शक्यच नाही असा. त्याचं उत्तर दिलं की विसाच्या वीस पुन्हा पहिल्यापासून. सलग चार दिवस मी त्या खड्ड्यात पडले. काय करणार, प्रश्न आला की तोंड आपोआप उघडायचं. अण्णा म्हणायचे, "तोंड उघडायच्या आधी इचार कर, तुला ठाव हाय का तुला नुस्तं बोलायचं हाय."

पाचव्या दिवशी मी पहिल्यांदा 'ठाव न्हाई' म्हणाले. म्हणताना मान खाली गेली.

"मान वर कर. चोरी केलीस का?"

"न्हाई."

"मग पुढचं म्हन. बघून सांगते, म्हन. आनि बघ. नुस्तं ठाव न्हाई म्हनून बसून ऱ्हायचं, ते आळश्याचं काम हाय."

एकदा मात्र माझं डोकं फिरलं. सतराव्या प्रश्नाला चुकले, पुन्हा पहिल्यापासून करायचं होतं, ऊन मी म्हणत होतं. मी फाडकन बोलून गेले, "अण्णा, तुमी कवा विमान उडवलाय का?" आत अक्कांच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. अण्णा म्हणाले, "न्हाई." आणि पहिला प्रश्न विचारला. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी विसाच्या वीस बरोबर आले. जाताना माफी मागितली तर म्हणाले, "कामून? खरं तेच इचारलीस की."

दुसऱ्या वेळी परीक्षक तेच होते. दीड तास प्रश्न चालले. दोनदा मी म्हणाले, सर, हे मला माहीत नाही, बघून सांगते. दोन्ही वेळा पुस्तकात पान काढून दाखवलं. साहेबांनी वहीत खुणा केल्या आणि म्हणाले, "तोंडी झाली. चल विमानाकडं." माझा जीव भांड्यात पडला. मुदत संपायला तीन दिवस उरले होते.

मी विमानाला फेरी घालायला लागले. सवयीनं एकेका भागावर बोट ठेवत होते. विमानाच्या कुशीला एक बारीक भोक असतं. बाहेरच्या हवेचा दाब त्यातून आत जातो आणि त्याच्या जोरावर उंची नि वेग दाखवणारे काटे चालतात. त्यावर बोट ठेवलं आणि अंगावर काटा आला. हे भोक बुजलं आणि विमान वर चढत राहिलं तर वेगाचा काटा काय दाखवेल, असं साहेबांनी अर्ध्या तासापूर्वी विचारलं होतं. मी म्हणाले होते, खऱ्यापेक्षा जास्त. खरं उत्तर आहे कमी. इतक्या ठामपणे सांगितलं होतं की त्यांनी पुढचा प्रश्न घेतला होता.

साहेब पाच हातांवर पाठमोरे उभे होते, वाऱ्याकडं बघत. खूण झालेली होती. मी गप्प राहिले असते तर विषय संपला होता. बोललं तर सगळंच हातातून जाण्याची शक्यता होती, आणि तीन दिवसांत तिसरी संधी कुठून मिळणार? मला भयंकर भीती वाटली. हे लपवून काय लिहू? गप्प बसावं असंच वाटत होतं. पण भोकावरचं बोट काही उचललं जाईना.

"सर, मघाशी एक उत्तर चुकलं."

त्यांनी वळून विचारलं, कोणतं. मी सांगितलं. त्यांनी वही पुन्हा उघडली आणि म्हणाले, "परत खोलीत चल." खोलीत आणखी एक तास, फक्त त्या काट्यांवरच प्रश्न. तोवर वारा इतका वाढला की उड्डाण रद्द झालं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी झालं आणि मी पास झाले. ती चूक साहेबांना आधी कळली होती की नाही, मला आजही माहीत नाही.

अण्णा गेले त्याला आता दोन वर्षं झाली. पण मला ते आठवतात, मी पास झाल्याचे पेढे घेऊन त्यांच्याकडं गेले त्या दिवसाचे. मी सगळं सांगितलं, चुकीच्या उत्तरासकट. वाटलं होतं, पाठीवर हात ठेवतील. मी पुढं केलेला पेढाही त्यांनी घेतला नाही. हातातली तार खाली ठेवली. अक्का आतून आल्या, उंबऱ्याशी टेकल्या.

"हैद्राबादला असताना," अण्णा म्हणाले, "एका विमानाच्या तेलाच्या नळीचा नट आवळायचं काम माझ्याकडं होतं. काम झालं म्हनून सही करायचा कागद आला. नट आवळलो का न्हाई, आठवंना. सगळे घाई करायलते. मी सही केलो."

"मग?"

"विमान गेलं. पाच तासांनी आलं. पाच तास मी फाटकापाशी हुबा होतो. मागारी बोलवा म्हनून सांगितलो असतो तर रेडिओवरनं बोलवले असते. नोकरी जाईल म्हनून बोललो न्हाई."

"आणि नट?"

"आवळल्यालाच होता."

मी म्हणाले, मग तुमचं काही चुकलं नव्हतंच की. "सही केलो तवा ते मला ठाव नव्हतं," अण्णा म्हणाले. अक्का त्यांच्याकडं बघत होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात हे त्या पहिल्यांदा ऐकत होत्या.

"अंबू," अण्णा म्हणाले, "तू साहेब असतीस तर त्या दिवशी मला पास केली असतीस का?"

त्यांना बरं वाटेल असं उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. पण ज्यांनी महिनाभर मला उन्हात फेऱ्या घालायला लावल्या, त्यांना ते कसं देणार?

"न्हाई, अण्णा. नसते केले."

अण्णांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"बरं केलीस सांगितलीस," ते म्हणाले. "इतक्या वर्सांत कुनाला इचारायची हिंमत झाली न्हाई."

मग त्यांनी हात पुढं करून पेढा घेतला.