विमानाचा बैल

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं. विमानदुरुस्ती शिकवणाऱ्या एका शाळेसाठी पोरं निवडायला यवतमाळात साहेब आले होते. माझा धाकटा भाऊ लेखी परीक्षेत पास झाला होता, तोंडी तेवढी राहिली होती. निवड झाली असती तर दारव्ह्याच्या कापसाच्या जिनिंगातून तो कायमचा सुटला असता. मी त्याच्यासोबत गेलो होतो, दाराशी उभा होतो.

साहेबानं विचारलं, "विमान एका लांब पट्ट्यावर उभं आहे. ते जितक्या वेगानं पुढे निघेल, तितक्याच वेगानं पट्टा मागे पळेल. विमान उडेल का?"

"नाही साहेब," भाऊ म्हणाला. "पट्ट्यावर बैल कितीही चालला तरी गाडी जागीच राहील."

"विमानाला बैल जुंपतोस काय रे?" साहेब हसला, सगळे हसले, आणि पुढच्याला हाक गेली.

आमच्या तांड्यात गाऱ्हाणं नायकापुढे जातं आणि त्याचा निकाल शेवटचा. आमचे वडील, बापू, भावाचं गाऱ्हाणं तिथं घेऊन गेले. मिठाच्या गोण्या लादलेल्या बैलांमागे ज्यांचे आजे मुलूखभर चालले, ते म्हातारे उत्तर तपासायला बसले.

"जमीनच मांगं सरकली त बैल काय करन?" एकानं विचारलं.

नायकानं निकाल दिला, "पोरगं खरं बोललं. तांड्याचं म्हणून पाडलं त्याले." मग माझ्याकडे वळला. "तू त लय कागदं वाटत फिरतं. आता हे छाप."

त्या हसण्यानं मी अजून जळत होतो. पत्रकाचा मथळासुद्धा सुचला होता. पण उत्तर चूक होतं, आणि पत्रकात एक खोटं वाक्य गेलं की खरी वाक्यंही मरतात.

"विमान उडन," मी म्हणालो. "त्याचं बळ चाकात नसते. पंखा हवा मांगं लोटते, म्हणून ते पुढं जाते. पट्टा पळाला त चाकं जास्ती फिरतीन, बस."

"म्हणजे साहेब खरा?" नायकानं विचारलं.

"हसला ते वाईटच. पण उत्तर आपलं चुकलं."

बापूंनी मान खाली घातली. भाऊ उठला.

"भिया, साहेब त परका होता. तू मले पुऱ्या तांड्यापुढं पाडलं."

पत्रक मी लिहिलंच: ज्यांनी विमान फक्त आभाळात पाहिलं त्यांना आधी ते जवळून दाखवा, मग विचारा आणि मग हसा. तांड्यात कोणी ते घेतलं नाही. भावाला द्यायला जिनिंगात गेलो. त्याचे दोन्ही हात कापसात होते. त्यानं ते बाहेर काढले नाहीत.