जुन्या एक्स-रेत नसलेला डाग

हसीनाभाभींनी पिशवीतून तीन जुने एक्स-रे काढून माझ्या टेबलावर ठेवले. “डॉक्टर, हे त्या मेडिकलवाल्यांना दाखवा. तीन वेळा ह्यांना फिट म्हणाले, मग आताच अनफिट कसे?”

शेजारी त्यांचे पती शब्बीरभाई बसले होते. राहणार वरसे, नोकरी कुवेतला, क्रेन ऑपरेटर. आमच्याकडे गल्फला जाणाऱ्यांच्या घरी व्हिसाच्या प्रत्येक मेडिकलचा एक्स-रे पासपोर्टबरोबर कपाटात जपलेला असतो. मी रोह्यात छातीचा डॉक्टर, मला हे ठाऊक होतं. तरी आठ महिन्यांपूर्वी नव्या मेडिकलमध्ये त्यांच्या उजव्या फुप्फुसात बारीक डाग दिसला आणि ते माझ्याकडे आले, तेव्हा मी जुने एक्स-रे मागितले नाहीत. असे डाग बहुधा बऱ्या झालेल्या टीबीचे असतात. बाहेर गर्दी होती. ‘जुना, बरा झालेला व्रण’ असं पत्र लिहून मोकळा झालो. मेडिकलवाल्यांनी ते मानलं नाही आणि शब्बीरभाई घरी बसले.

आता तिन्ही एक्स-रे मी लाइटबॉक्सवर लावले. तिन्ही स्वच्छ. डाग जुना नव्हताच.

“काय झालं? तुमचा चेहरा का पडला?” भाभी म्हणाल्या.

“आजच पेणला जाऊन सीटी स्कॅन करा.” चूक कबूल करायचं धाडस झालं नाही.

कॅन्सर निघाला. मुंबईत दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. बरगड्या न फाकवता, छोट्या छिद्रांतून फुप्फुसाचा वरचा भाग काढला. मी सर्जनना फोन केला.

“आठ महिने गेलेत, सर. किती जगतील?”

“छिद्रं लहान असली की माणूस लवकर उठतो. पुढची वर्षं ठरतात ती गाठीच्या आकारावर, आणि आजूबाजूच्या ग्रंथींत कॅन्सर पोचलाय का, त्यावर. शिवाय उरलेलं फुप्फुस दमदार हवं, सिगारेट सुटायला हवी. रिपोर्ट येऊ दे.”

रिपोर्ट येईपर्यंत मला घास गोड लागला नाही. गाठ लहान निघाली. ग्रंथी स्वच्छ होत्या. सिगारेटचं भाभींनी बघितलं. “परत फुकलीत तर टाके मी उसवीन,” असं त्यांनी वॉर्डातच सुनावलं होतं.

गेल्या महिन्यात पाच वर्षांनंतरचा स्कॅन आला. कॅन्सरचा मागमूस नव्हता. काढलेल्या भागाची जागाही रिकामी नव्हती. उरलेलं फुप्फुस फुलून वर सरकलं होतं, त्यानं ती सगळी भरून काढली होती. पुस्तकात वाचलं होतं मी हे. पण ज्या छातीबद्दल मी चुकलो, तिच्यात ते बघताना खुर्चीतून उठून उभा राहिलो.

मग एकदाचं बोललो. “शब्बीरभाई, ते पत्र चुकीचं होतं. तुमचे आठ महिने मी घालवले.”

“ठाऊक हाय. मुंबईच्या डॉक्टरांनी तवाच विचारलं, ह्या डागाला जुना कोण म्हणाला?”

“मग इतकी वर्षं बोलला नाहीत?”

“तुम्ही कधी बोलताय, ते बघत व्हतो.”

या आजारात माणूस कशामुळे वाचतो, असं पेशंट विचारतात. लवकर सापडल्यामुळे, असं मी सांगतो. शब्बीरभाईंच्या बाबतीत ते श्रेय हसीनाभाभींचं. माझ्या नावावर आठ महिन्यांचा उशीर आहे.