बंदरासाठी पूल

हसाचं असन तं आताच हसून घ्या, मंग चहा सांडते. माह्या नातीची, संगीची सोयरीक मी एका शब्दापायी मोडत आनली व्हती. मोडलीच म्हना ना!

कापसाचे ते वाईट वर्षं. कास्तकार जावई खुद कास्तकारालेच नको व्हता. तशात आमच्या गावाले, बोरी अरबले, दिग्रसचा प्रकाश पोरगी पाहाले आला. पुन्यात शिकलेला, परदेशात नोकरीवर. संगीले तो पाहताच पसंत! मले कसं समजलं? त्याच्यापुढं प्लेट ठेवता ठेवता अर्धे पोहे सतरंजीवर.

मी इचारलं, "काम काय करता?"

पोरगा पुस्तकी मराठीत बोले. "आबाजी, आम्ही समुद्रावर पूल बांधतोय. शहरापासून थेट बंदरापर्यंत."

आता तुमीच सांगा, आमच्याइकडं बंदर म्हंजे काय? तुरीच्या शेंगा खाते अन् छपराच्या कवेलूवर नाचते ते! दुसरं बंदर या जिल्ह्यात कोनाच्या बापानं पाह्यलं?

"बंदरासाठी पूल? कायले?"

"बंदर आत बेटावर आहे ना, म्हणून."

"मंग राहू द्या ना त्याले तिथीच! आमच्या नाल्यावर पूल मांगून मांगून माहे केस पिकले. किती बंदरं हायेत?"

"एकच. पण फार मोठं."

"एकट्यासाठी?"

"त्या देशाचा सगळा माल तेच घेतं, आबाजी. कोळसा, लोखंड..."

"लोखंड?"

"आपल्या कापसाच्या गाठीसुद्धा."

माह्यं डोकं सरकलं. कापूसबी सोडत नाही म्हंते!

"पुरानात बंदरांनी देवासाठी पूल बांधला, अन् तू बंदरासाठी बांधून राह्यला? म्हाताऱ्याची थट्टा करतं काय रे? उठ!"

"अवो, हळू बोला," म्हातारी म्हने.

"तू चूप बस!"

पोरगा उठला. बिचारा चपला घालून राह्यला, तं संगी रडत दारात आडवी झाली.

"आबा, बंदर म्हंजे वांदर नाई! जहाज लागते ते ठिकान! जहाजाचं एसटी स्टँड!"

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माफी मांगाची आमच्या खानदानात रीत नाही.

"मंग आधीच स्टँड म्हनाचं ना!" मी त्याच्यावरच खेकसलो. "बस खाली. पोहे थंडे होऊन राह्यले."

लग्न झालं. संगीनं तिकडून पुलाचा फोटो धाडला. पानीच पानी, अन् त्याच्यातून नजर पुरनार नाही असा लांब पूल. म्हनलं, आता आपुनबी जावयाची जराशी फिरकी घ्यावी. फोन लावला.

"काहो जावई, एवढा मोठा पूल, अन् त्याच्यावर एकबी बंदर दिसून नाही राह्यलं?"

पठ्ठ्यानं पुस्तकी मराठी पार सोडली.

"तुमी कुठी आले अजून, आबाजी?"