दगडावरची फुंकर

पाटीवाल्या भाऊजींना क्षय झालाय, ही बातमी आमच्या गल्लीत सकाळच्या दुधाआधी पोचली. दुपारपर्यंत तिच्यात रक्ताची गुळणी मिसळली आणि दिवे लागेपर्यंत भाऊजी दवाखान्यातून पळूनही आले होते. खोटं कशाला बोलू, यातला निम्मा मसाला माझा. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सगळे विचारायला माझ्याकडेच येतात.

तर आता नीट सांगते. क्षय नव्हता. थुंकी दोनदा तपासली, दोन्ही वेळा काही निघालं नाही. जे निघालं ते त्याहून वाईट होतं. छातीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि दोन्ही फुप्फुसांत विखुरलेले पांढरे ठिपके दाखवले. दगडाची धूळ. चौतीस वर्षं थोडी थोडी आत गेलेली, आणि जिथे बसली तिथे फुप्फुस कडक करून ठेवलेली. क्षयाला निदान गोळ्या तरी आहेत. याला फक्त एक फवारा दिला, तोही थोडं बरं वाटावं म्हणून.

भाऊजी दगडावर अक्षरं कोरतात. म्हणजे कोरायचे. दारावरच्या नावाच्या पाट्या, शाळांच्या कोनशिला, थडग्यांवरचे दगड. घराच्या ओट्याला लागूनच पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये त्यांच्याच हाताखाली तयार झालेला धाकटा भाऊ. दोघांची कामाची रीत एकच: छिन्नीवर दोन ठोके, मग नाक दगडाला टेकेल इतकं वाकून फुंकर. ब्रशला दोघेही नावं ठेवायचे. भाऊजी म्हणायचे, "ब्रश धूळ कोपऱ्यात दाबतो, फुंकर ती उचलते. शिवाय वारा ओठावर परत आला की अक्षर किती खोल गेलं ते कळतं."

मी शेजारच्या माझ्या ओट्यावरून चिडवायची, "काय हो भाऊजी, दगडाचे मुके घेताय वाटतं?"

"घेतोय. दगड लाजत नाही वहिनी, तुम्ही कशाला लाजता?"

हसायचो आम्ही. फुंकरीनंतर माणूस श्वास आत घेतो, आणि तेव्हा नाक त्याच धुळीत असतं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

तपासणीच्या दिवशी दवाखान्यातल्या बाईनं त्यांच्या तोंडात नळी दिली आणि म्हणाली, "आजोबा, जोरात फुंका. अजून जोरात." आजोबा! पंचावन्न वर्षांचा माणूस. यंत्रावरची रेघ थोडीशी उचलली आणि आडवी झाली. "चौतीस वर्षं फुंकलोय बाई," भाऊजी म्हणाले, "तेव्हा कुणी मोजायला आलं नाही."

घरी आल्यावर ते ओट्यावर खुर्ची टाकून बसू लागले. ओट्याच्या तीन पायऱ्या चढायला त्यांना दोन थांबे लागत. शेडची खिडकी ओट्याकडेच उघडते. पण धाकट्यानं ती बंद केली होती. आपला पाटही उचलून लांबच्या कोपऱ्यात नेला होता. क्षयाची बातमी त्यानं ऐकलेली. कुणाकडून ते विचारू नका.

खिडकी बंद, त्यामुळे शेडमधली धूळ शेडमध्येच. भाऊजींना दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं यायचं. ठक, ठक, फू. ठक, ठक, फू. आणि एके दिवशी: ठक, ठक, फू, खोकला.

त्या दिवशी ते भिंत धरून शेडच्या दारापर्यंत गेले. मी मागे होते.

"खिडकी उघड."

"दादा, तू आधी लांब हो. माझ्या घरात लहान लेकरं आहेत."

"क्षय नाही रे मला. धूळ आहे ही."

"धूळ असती तर मला का नाही झालं? सोळा वर्षं तुझ्या मांडीला मांडी लावून बसलोय."

"तू अजून सोळाच वर्षं बसलायस," भाऊजी म्हणाले, आणि पुढचं वाक्य खोकल्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोकडून पाण्याची बादली आणि कापडाचा बोळा पाठवला. दगड ओला ठेवला की धूळ उडत नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं. धाकट्यानं बादली दाराबाहेर ठेवली. "चिखलात अक्षरं काढू का? पेन्सिलीची रेघ पुसली जाते."

मग मी गेले. डॉक्टरांचा कागद नाचवत सांगितलं, क्षय बिय काही नाही, मी आपली उगाच बोलले. तो हातोडी खाली न ठेवता हसला. "वहिनी, परवा क्षय होता, आज धूळ आहे. उद्या काय आणताय?" आयुष्यात पहिल्यांदा मी खरं सांगत होते आणि ऐकणाऱ्याला ते पटत नव्हतं.

शेवटी तो फोटो काढायला गेला, तो दादाचा क्षय आपल्याला लागला की काय, या भीतीनं. त्याच्याही फोटोत ठिपके निघाले. कमी होते, वरच्या बाजूला. डॉक्टर म्हणाले, बसलेली धूळ निघत नाही, नवी जाऊ देऊ नका.

त्या दिवशी खिडकी उघडली. बादली आत गेली, तोंडाला मास्क आला. पण सोळा वर्षांची सवय बोळ्यानं पुसली जात नाही. अक्षराचं वळण अवघड आलं की धाकट्याचा हात आपोआप मास्क खाली ओढतो, ओठ गोल होतात आणि फू. भाऊजी ओट्यावर काठी आपटायचे, तो दचकून थांबायचा. गेल्या महिन्यापर्यंत असं चाललं. आता भाऊजींच्या नाकात प्राणवायूची नळी आहे आणि काठी बहुतेक वेळ मांडीवरच पडून असते.

काल मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "भाऊजी, सगळा घोळ माझ्या तोंडानं केला. आता कानाला खडा. तोंडाला कुलूपच लावते."

ते बराच वेळ श्वास जमवत राहिले. शेडमधून ठोके येत होते. मग तुटक तुटक म्हणाले,

"कुलूप कशाला लावताय? माझ्यात ओरडायला दम नाही, तुमच्यात आहे. बसा इथे, आणि तो फुंकला की ओरडा."