गवताचा न्हावी

रघुनाथराव गेल्याची बातमी मला त्यांच्या चुलत्यांनी सांगितली, आणि ती त्या तोंडातून ऐकावी लागली याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मी शाळेत जायला निघालो होतो. कल्याणातल्या आमच्या घराच्या पायरीशी तात्या येऊन उभे राहिले, तोंडात पानाचा तोबरा. बोलायचं म्हणून तो त्यांनी माझ्या तुळशीच्या कडेला रिकामा केला, धोतराच्या सोग्याने ओठ पुसले आणि म्हणाले, "गेला हो तुमचा गवताचा न्हावी. काल ठाण्यास. ज्वराचं निमित्त." सख्ख्या पुतण्याविषयी बोलत होते हे! आणि माझ्या धाकट्या बहिणीचा, गोदेचा, तो नवरा. मी होतो तिथेच बसलो... त्या लाल थुंकीकडे बघत. तात्यांनी मला रडायलाही उसंत दिली नाही. त्याच दमात म्हणाले, "दहाव्यासाठी खरा न्हावी मी इथूनच नेतो. ठाण्याचे हल्ली फार आढेवेढे घेतात." खरा न्हावी कोणासाठी, हे मला विचारावं लागलं नाही. गोदेचे केस गुडघ्यापर्यंत आहेत.

रघुनाथराव ठाण्याच्या कचेरीत नकला करणारे कारकून होते. अक्षर मोत्यासारखं, पण जीव अक्षरात नव्हता. साहेबांच्या बंगल्यांपुढे हिरवळ राखतात, ती कापायला विलायतेहून एक यंत्र आणतात. त्या यंत्रात तो अडकला होता. दोन चाकं, मधे पिळाच्या पात्यांचा एक रहाट आणि त्याच्या पोटाखाली एक आडवं, न हलणारं पातं. दांडा धरून ढकललं की रहाट फिरतो आणि गवत त्या दोहोंच्या कात्रीत सापडतं. दोन पावसाळ्यांत ते गंजतं. साहेबाची बदली झाली की लिलावात त्याला कुत्रं विचारत नाही. असली मढी रघुनाथराव बैलगाडीत घालून तळ्यामागच्या आपल्या घरी आणीत आणि पडवीत मांडून बसत. एका यंत्राची चाकं, दुसऱ्याचा रहाट, तिसऱ्याचं दातेरी चक्र, असं करून त्यातून एक चालतं यंत्र उभं करीत.

मी मुळात किळसवाणा माणूस, म्हणजे मला किळस फार. दुसऱ्याच्या भांड्याला ओठ लावणं मला जमत नाही, पंक्तीत शेजारचा भुरके मारू लागला की माझं जेवण संपतं. अशा माणसाने त्या पडवीत जाणं म्हणजे शिक्षाच. साहेबांचे माळी यंत्राला चरबी फासत. ती जुनी, काळी, केसाळ झालेली चरबी आधी राखेने खरवडायची. मग चिंचेच्या कोळात पाती बुडवून ठेवायची, गंज सुटेपर्यंत. चिंच आमटीतली आणि पातेलंही बहुधा आमटीचंच. रघुनाथराव स्वतः चरबी वापरीत नसत, करंजेल घालीत, पण करंजेलाचा तो उग्र, कडवट, नाकात बसणारा वास काय थोडा घाण आहे? त्यात कुरुंदाची, म्हणजे धार लावायच्या दगडाची, पूड कालवायची, तो चिखल पात्यांना फासायचा आणि रहाट उलटा फिरवत बसायचं, म्हणजे वरची आणि खालची पाती एकमेकांवर घासून बसतात. मी नाकाला उपरणं लावून विचारी, "अहो, किती वेळ हे?" ते म्हणत, "घासल्याशिवाय जुळत नाही, मास्तर." आणि पलीकडून रहाटाचा दांडा फिरवणारी आमची गोदा पदराआड हसे. मूलबाळ नव्हतं त्यांना. त्या घरात पाळणा हलला नाही, पण सकाळ-संध्याकाळ तो रहाट मात्र करकरत असे.

पण खरी शिसारी पुढेच होती. पडवीच्या खांबाला एक खिळा होता आणि त्या खिळ्यावर गोदेच्या फणीतलं गुंतवळ अडकवलेलं असे. केस विंचरल्यावर निघणारे ते गुंतलेले केस. शहाण्या बायका ते गुंडाळून कुणाच्या नजरेस पडणार नाही असे टाकतात, आणि इथे ते आल्यागेल्यापुढे टांगलेलं! पाती लागली की नाही हे साहेबाकडचे लोक कागदाची पट्टी लावून बघतात. रघुनाथरावांचं तेवढ्याने भागत नसे. गुंतवळातला एक लांब केस ते सोडवून काढीत, दोन बोटांत ताणून रहाटाखाली धरीत आणि रहाट हळूच फिरवीत. केस दुमडला तर पुन्हा कुरुंद. तुटला की ते आत हाक मारीत, "अहो, बघा, कापला तुमचा केस!" मी एकदा चिडून म्हटलं, "रघुनाथराव, बायकोचे केस कापल्याचा एवढा आनंद मी कुठे पाहिला नाही." त्यावर ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, "फणीतला आहे, मास्तर. डोक्यावरच्याला कोणी हात लावणार नाही." तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं.

हिरवळ राखण्याची ऐपत आपल्यापैकी कोणाची? म्हणून त्यांच्या मनात आलं की या यंत्राने कुरणातलं गवत कापता आलं तर! डोंबिवलीच्या बाजूला घराण्याचं सामाईक कुरण होतं. पावसाळा सरल्यावर ते तिथे यंत्र घेऊन गेले. सारे भाऊबंद तमाशाला हजर, मीही होतो. गवत मांडीपर्यंत. यंत्र त्यात घुसलं, पाच-सहा पावलं गेलं आणि गवत कापायच्या ऐवजी आडवं निजवून त्यावर चढून बसलं. उंच गवत त्या रहाटाच्या तोंडात येतच नाही, आधी वाकतं. भाऊबंदांची पोटं हसून दुखली. तिथेच कुरणाच्या बांधावर बसून, तोंडातलं पान सांभाळीत, तात्यांनी ते नाव ठेवलं. "ब्राह्मणाचा पोरगा आणि जमिनीची हजामत करतो! हा तर गवताचा न्हावी!" तिथवर थट्टा होती. पण आपल्या लोकांत थट्टेचा धर्म व्हायला वेळ लागत नाही. पुढच्या श्राद्धाला तात्यांनी रघुनाथरावांचं पान पंक्तीपासून हात-दोन हात लांब मांडायला लावलं. चरबीला शिवतो म्हणे. करंजेल आहे, असं मी ओरडून सांगितलं. ज्या तात्यांच्या देवळातल्या समईत रोज करंजेल जळतं, त्यांना त्याचा वास ओळखू येईना! मग त्यांनी चारचौघांत जाहीर केलं, की न्हाव्याच्या घरी आम्ही पाणी घेत नाही. आणि खरंच, पुढे ठाण्यास आले तरी ओटीवर कोरडे बसून, पिंक टाकून जात. रघुनाथराव ती पिंक स्वतः पाणी ओतून धूत. त्यांना राग कसा येत नसे, देव जाणे. मला येई, दोघांच्या वाटणीचा.

कुरणाचा नाद सुटला, यंत्राचा नाही. ठाण्याच्या घरामागे विहिरीपर्यंत जायची वाट आहे. आषाढात तिथे गवत माजतं आणि गवतात काय काय असतं हे सांगायला नको. एकदा गोदेच्या घागरीशी विषारी फुरसं निघालं. तेव्हापासून रघुनाथरावांनी यंत्र त्या वाटेसाठी बदलायला घेतलं. रहाटाच्या पात्यांतली एकाआड एक काढली, म्हणजे जरा वाढलेलं गवतही तोंडात यावं. चाकं मोठी घातली, म्हणजे चिखलात रुतू नयेत. लोखंडाचा जड दांडा टाकून सागवानी बसवला. यावर्षी शिमग्याच्या सुमारास ते कल्याणास माझ्याकडे आले, ती आमची शेवटची भेट. करंजेलाच्या वासासकट मला मिठी मारली आणि माझं धुतलेलं उपरणं कायमचं नासवलं. म्हणाले, "मास्तर, दांडा अगदी हिच्या उंचीचा केला. आता मलासुद्धा वाकावं लागतं. दुसऱ्या कोणाच्या हातात ते बसायचं नाही." मी म्हटलं, "बायकोला माळी केलंत तर!" ते नुसते हसले. नखांत काळं, कपाळावर काळं... चांगलं दिसत होतं ते हसू, माझ्यासारख्यालाही.

ज्येष्ठात ज्वर आला आणि तीन दिवसांत माणूस नेला. अग्नी तात्यांच्या मुलाने दिला. दहाव्या दिवशी सकाळीच सगळे भाऊबंद ठाण्यास हजर झाले. तात्यांबरोबर कल्याणचा धोंडू न्हावी. तो परसात विहिरीपाशी धोकटी उघडून, वस्तरा काढून खाली मान घालून बसला. एक पाट मांडला होता, पाण्याचा गडवा होता, आणि तात्यांच्या घरातल्या त्या बायका! ज्यांनी गोदेला कधी एक शब्द गोड दिला नाही, त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत कुजबुजत होत्या, "चल गं, एकदाच काय ते होतं." एकीच्या दाताला भात लागलेला होता. मी तात्यांना म्हटलं, हे होणार नाही. ते म्हणाले, "तुम्ही माहेरचे. तुमचा संबंध नाही. केस ठेवलेल्या बाईच्या हातचं पाणी नवऱ्याला पोचत नाही. एवढं झालं नाही तर आमच्यातला एकही या घरच्या पुढल्या क्रियेला उभा राहणार नाही." मी तोंडाला येईल ते बोललो. शिव्या शाळामास्तराला येतात तेवढ्या दिल्या, आणि त्या फार नसतात. मला चौघांनी धरून बाजूला केलं.

तेव्हा गोदा मागल्या दारात येऊन उभी राहिली. पदर कपाळापर्यंत ओढलेला. आवाज चढा नव्हता.

"मामंजी, आमच्या घरी तुम्ही पाणी का घेत नव्हतात?"

"आता तो विषय कशाला?" तात्या म्हणाले.

"न्हाव्याचं घर, म्हणून. चारचौघांत तुम्हीच सांगितलंत. ते होते तोवर आम्ही न्हावी. मग ते गेल्यावर आम्ही ब्राह्मण कधी झालो?" मग ती विहिरीकडे वळली. "धोंडूदादा, तुमच्या जातीत नवरा गेला म्हणून बाईचे केस काढतात का?"

धोंडूने आधी तात्यांकडे पाहिलं, मग हातातल्या वस्तऱ्याकडे. "नाय बाय," तो म्हणाला. "आमच्यात नाय करीत तसलं काय."

"मग या घरी तुमचं काम नाही. या तुम्ही."

धोंडूने वस्तरा मिटला, धोकटी गुंडाळली आणि उठला. तात्यांचं तोंड पानाने नाही, नुसत्या रागाने लाल झालेलं मी प्रथमच पाहिलं. "वाळीत पडशील, सटवे!" ते ओरडले. गोदा म्हणाली, "मामंजी, आमचं पान आधीपासूनच लांब आहे," आणि आत गेली.

गेले सगळे. क्रिया टाकून, पिंड तसेच ठेवून गेले. आणि जाताना परसातल्या फणसाचे दोन चांगले पिकलेले फणस तात्यांनी गड्याच्या डोक्यावर देऊन नेले. न्हाव्याच्या घरचं पाणी चालत नाही, फणस चालतो! मनुष्यजातीचा मला वीट येतो तो अशा वेळी. खून-दरोड्याचा नाही येत तितका, या फणसांचा येतो. उरलेली क्रिया आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या भटजींना आणून मीच उरकली. आता तिच्याबरोबर आम्हीही वाळीत आहोत. कल्याणात लग्नामुंजीची आमंत्रणं बंद झाली, त्यामुळे भुरके मारणाऱ्यांच्या शेजारी बसणं टळलं, हा एक फायदा सांगतो. तोटे पुष्कळ आहेत. माझ्या मुलीचं लग्न व्हायचं आहे. ते इथे सांगत बसत नाही.

परवा ठाण्यास गेलो होतो. पावसाने जरा उघडीप दिली होती. ओटीवर कोणी नव्हतं. मागून तो ओळखीचा आवाज येत होता, रहाटाचा, खरखर-खरखर. विहिरीच्या वाटेवर गोदा यंत्र ढकलीत होती. सोवळ्या विधवांचं तांबडं आलवण नाही, साधं पांढरं लुगडं, पदर खोचलेला. दांडा खरंच तिच्या उंचीचा आहे. मी हातात घेऊन पाहिला, मला कमरेतून वाकावं लागलं आणि दहा पावलांत पाठ धरली. यंत्र गवत नीट घेईना, तेव्हा ती ते पडवीत घेऊन आली. करंजेल, कुरुंद, रहाट उलटा. मी पलीकडचा दांडा फिरवला. हात कोपरापर्यंत बरबटले, वास तर अजून जात नाही. मग तिने खांबाच्या खिळ्यावरून एक लांब केस सोडवला, ताणून पात्यांत धरला आणि मला म्हणाली, "फिरव, दादा, हळू." केस तुटला. तिने सवयीने मान वळवून हाक मारायला तोंड उघडलं... आणि मिटलं.

मी दुसरीकडे बघायचं म्हणून वर पाहिलं, तर समोर तोच खिळा. त्यावर गुंतवळ होतं, जुनं नव्हे, आजच्या सकाळचं, अजून तेलाने ओलसर. शिसारी आलीच मला. रघुनाथरावांसाठी डोळ्यांत पाणी होतं तरी आली. स्वभावाला औषध नाही. मी म्हटलं, "गोदे, ते तेवढं टाकून दे गं. किळस येते."

"केस आहेत तर गुंतवळ होणारच, दादा," ती म्हणाली, आणि यंत्र घेऊन पुन्हा वाटेवर गेली.